कंट्रोलरची रातराणी

माळ्यावरचं घंगाळ मी काढलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात चुकवाचुकवी करणार नाही. काकू नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. त्यातलं पाणी मी काकांच्या झाडांना दिलं आणि झाडं मेली. काकांनी विचारलं तेव्हा मी एक वाक्य बोललो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरीही ते धडधडीत खोटं होतं. त्या वाक्यानंतर दोन म्हातारी माणसं वेगळी राहू लागली, एक रोह्यात आणि एक पेणला.

काका आमचे घरमालक. नात्याचे कुणी नव्हेत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आधी पेण स्थानकावर आणि मग रोह्याला, म्हणून सगळी आळी त्यांना कंट्रोलर म्हणायची. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती, पण घरातही ते माइकसमोर बसल्यासारखेच बोलत. जेवायला बसायचं असलं की स्वयंपाकघराच्या दिशेने, कुणा एकीला उद्देशून नव्हे, "ताट लागत असल्यास कळवावे." काकू आतून म्हणायच्या, "लागलंय. पण रिझर्वेशन हाय का?"

घर बघायला मी आणि बायको गेलो तेव्हा त्यांनी भाडं, डिपॉझिट, नोकरी काहीच विचारलं नाही. थेट गच्चीवर नेलं. तिथे एक काचेची खोली होती, आणि आत तारांवर, लाकडाच्या ओंडक्यांवर, करवंट्यांवर राखाडी हिरव्या रंगाची काहीतरी झुडपं टांगलेली. कुंडी नाही, माती नाही. "हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. माझ्या ओठांवर बांडगूळ हा शब्द आला होता. आमच्याकडे दुसऱ्याच्या अंगावर वाढलेल्या कुठल्याही झाडाला दुसरं नाव नाही. बायकोने कोपर मारलं म्हणून मी "झाडं" एवढंच म्हणालो.

"कशावर जगतात?"

"हवेवर?"

"चावी घ्या," काका म्हणाले.

नंतर कळलं की आधीची दोन बिऱ्हाडं त्या एका शब्दावर परत गेली होती. बांडगूळ म्हटलेलं त्यांना खपत नसे. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. ही नुसती टेकतात, खातात हवेतलं, पितात हवेतलं, ज्याच्यावर बसली त्याचं काही घेत नाहीत, असं ते कुणालाही थांबवून समजावत. मला म्हणायचे, "माझे खरे भाडेकरू हे. भिंतीला खिळा नाही, पाहुणे नाहीत, रात्री टीव्ही नाही." मी त्यांचा दुसऱ्या दर्जाचा भाडेकरू होतो आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

ती काचेची खोली म्हणजे त्यांच्या वेडाचा कळस. भंगारात निघालेल्या बसगाड्यांच्या खिडक्या विकत घेऊन, अँगलच्या सांगाड्यात बसवून त्यांनी ती उभी केली होती. सरकणाऱ्या काचा तशाच. एका काचेवर 'महिलांसाठी राखीव' पुसट दिसे, दुसरीवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. खोलीला ते केबिन म्हणत. केबिनमध्ये एक फॅन दिवसरात्र फिरत असे, कारण या झाडांना थांबलेली हवा सोसत नाही. रोह्यातली लाइट गेली की काका वर धावत, सगळ्या काचा सरकवत आणि वर्तमानपत्राने वारा घालत बसत.

प्रत्येक झाडाला गाडीचं नाव होतं. खांबचं, मुरूडचं, धरमतरचं, खोपोली व्हाया पेण. पाणी द्यायची पद्धत अशी की झाड उचलून पावसाच्या पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून उलटं धरून झटकायचं, आणि पूर्ण निथळल्याशिवाय जागेवर ठेवायचं नाही. पोटात पाणी राहिलं की कुजतं. सगळं ते स्वतः करत, आणि करताना पुटपुटत, "मुरूड गाडी धुवून फलाटावर लागत आहे." यांना फूल येतं ते जन्मात एकदाच. मग झाड बुडाशी पिल्लं सोडतं आणि हळूहळू जातं. फूल यायचं असलं की आतली पानं लालसर होतात. तसं झालं की काका खाली येऊन पेढे वाटत, आणि आळीतली माणसं कुणाकडे काय झालं म्हणून चौकशी करत.

रातराणीची गोष्ट वेगळी होती. पेणला असताना एका पहाटे, रात्रभर धावून आलेल्या रातराणी गाडीतून एक पिशवी उतरवून त्यांच्या केबिनमध्ये आणली गेली. कुणीतरी विसरलेलं सामान. आत कागदात गुंडाळलेली बिनमातीची, मुळं नसलेली झाडं. काकांनी माइकवरून पुकारा केला. त्या दिवशी केला, दुसऱ्या दिवशी केला, पुढे महिनाभर केला. लोक हसायला लागले. कुणी आलं नाही. झाडं मेलेली समजून त्यांनी ती खिडकीत टाकून ठेवली आणि विसरले. पाऊस लागला, खिडकीतून पागोळ्या आल्या, आणि एका मेलेल्या झाडाला जांभळं फूल आलं. तिथून हे वेड. बाकी सगळी झाडं पुढे कुठून कुठून मागवलेली, पण त्या पिशवीतलं एक मोठं झाड, रुपेरी, जटेसारखी वळलेली पानं असलेलं, ते तेवढं मूळचं. त्याचं नाव रातराणी. येणारा प्रत्येक पाहुणा नाव ऐकून त्याला नाक लावून वास घेई आणि काका समाधानाने बघत राहत.

रातराणीला कधीच फूल आलं नव्हतं. तिच्यामागून आलेली झाडं फुलून, पिल्लं सोडून गेली, ही मात्र नुसती रुंदावत राहिली. "हिची गाडी लागायची आहे," काका म्हणत. "ज्याची पिशवी तो आला तर त्याला दाखवायला हवी, फुललेली." ते हे गमतीने म्हणत नव्हते. कोण जाणे कुठल्या परक्या माणसाची ती वस्तू, पण ती आपल्या ताब्यात असताना तिचं काही वाकडं होऊ नये ही त्यांची धास्ती होती. आभाळ भरून आलं, ऊन वाढलं, केमिकल कंपन्यांच्या बाजूने वाऱ्याला वास यायला लागला, की ते आधी रातराणीपाशी जात.

त्यांचे नियम शेकडो होते. केबिनपाशी उदबत्ती नको. ओल्या केसांनी आत नको. शिट्टी नको. आणि तांबं नको. घरातली तांब्याची कळशी त्यांनी मोडीत देऊन टाकली होती. देवाचं ताम्हन जिन्याच्या पहिल्या पायरीच्या वर कधी गेलं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सूचना असते. खुलासा नसतो." चाळीस वर्षं ज्याने गाडी रद्द झाल्याचं सांगितलं आणि का झाली ते सांगितलं नाही, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? मी तांब्याचा नियम शिट्टीच्या नियमाशेजारी ठेवून दिला.

काकूंना मात्र तो नियम लागला होता. त्या धरमतरकडच्या. वडील मिठागरावर होते. लग्नात त्यांनी लेकीला एक मोठं तांब्याचं घंगाळ दिलं होतं, कड्यांचं, दोन माणसांनी उचलायचं. झाडं घरात आली तसं काकांनी ते माळ्यावर टाकलं. काकू माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "माज्या बापाचं येवडंच होतं या घरात, ता पन यांच्या डोळ्यात खुपलं." पुढे हसल्या. पण ते हसून टाकायचं बोलणं नव्हतं, हे मलाही कळलं होतं.

त्या वर्षी पावसाच्या शेवटी रातराणीच्या मधोमध कोंब दिसला. काकांनी मला वर नेलं, बोट न लावता दाखवला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा फार खाली गेला होता. फूल उमलायला अजून काही महिने होते, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मुलगा पनवेलला असतो. तिथे राहून दोन्ही डोळे उरकायचे असं ठरलं. काका तयार होईनात. शेवटी मी म्हणालो, मी बघतो. त्यांनी मला केबिनमध्ये उभं करून चार्ज दिला, जसा एका पाळीचा माणूस दुसऱ्याला देतो. काकूंचे गुडघे गेलेले, त्या गच्चीवर चढत नसत. म्हणजे सगळं माझ्यावर. मी कंपनीतून शिफ्ट सुटली की आधी वर जाई. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता.

गडबड झाली ती टाकीमुळे. पावसाचं पाणी साठवलेली मोठी प्लास्टिकची टाकी गच्चीवर होती. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या पोरींनी झाकण उघडलं, आत अळ्या दिसल्या, आणि त्यांनी समोर उभं राहून टाकी ओतायला लावली. नळाचं पाणी झाडांना द्यायचं नाही ही सक्त सूचना. काकांना फोन करून सांगायचं धैर्य मला झालं नाही. डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस, बसल्या जागी काय करणार, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी परतीचा पाऊस आला. पागोळीखाली लावायला मोठं भांडं हवं होतं. मी काकूंना विचारलं.

"मोठं म्हनशील तर घंगाळच हाय माळ्यावर," त्या म्हणाल्या. "पन ता नको. यांना तांब्याचं नाय चालत."

"काकू, तांब्यातलं पाणी उलट चांगलं. माझी आई प्यायचं पाणीसुद्धा तांब्यातच ठेवायची."

"मानसाला चांगलं असंल. यांच्या झाडांचं मला नाय म्हायत. नको काढूस."

मी काढलं. चिंच लावून घासलं. आतून बाहेरून लखलखायला लागलं तेव्हा काकू दारापर्यंत आल्या, कडीवर हात फिरवला आणि आत गेल्या. ते घंगाळ मी मागच्या अंगणात पागोळीखाली लावलं, भरलं, आणि त्यातलं पाणी बादलीने वर नेऊन झाडं बुडवत राहिलो. दर खेपेला. पाणी दिवसचे दिवस घंगाळातच असायचं. मला वाटायचं, शुद्ध होतंय.

पानांची टोकं आधी तपकिरी झाली. मी समजलो पाणी कमी पडतंय, म्हणून जास्त बुडवली. काका रोज फोन करायचे, "रातराणी काय म्हणते?" मी सांगायचो, "टायमावर आहे." मुरूडचं गळून पडलं. खांबचं काळं झालं. मी तरी म्हणत राहिलो, टायमावर. रातराणीचा कोंब वाकलेला मला दिसत होता आणि मी रोज तो सरळ असल्याचं सांगत होतो. तेव्हा खरं बोललो असतो तर एखादं झाड तरी वाचलं असतं.

काका आले ते काळा चष्मा लावून, आणि बॅग मुलाच्या हातात देऊन थेट वर गेले. मी मागोमाग. त्यांनी रातराणीचं मधलं पान चिमटीत धरलं. पान ओढावंही लागलं नाही, कोंबासकट सगळा गाभा हातात आला. खाली काळा चिखल. मला वाटलं ओरडतील. मग त्यांनी बादलीच्या तळाशी साचलेला हिरवट निळा थर बोटाने पुसला आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय होतं ते सांगतो. माझ्या मुलीची दहावी होती. कंपनीत कंत्राटी माणसं कमी करायचं चाललं होतं आणि माझं नाव कुठल्या बाजूला पडतंय ते कळत नव्हतं. वर्षाच्या मध्यात घर सोडा म्हणाले असते तर आम्ही कुठे जाणार होतो? हे सगळं खरं आहे. पण यातलं काहीच काकूंनी केलेलं नव्हतं.

"पावसाचंच," मी म्हणालो. "काकूंच्या घंगाळात धरलेलं."

जिना गच्चीवरून सरळ खाली उतरतो. काकू तळाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. काका जिन्याच्या तोंडाशी गेले.

"घंगाळ तू दिलंस?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागलो. मोबाइलवर काहीही नव्हतं.

"व्हय," काकू म्हणाल्या. "मीच दिलं."

काकांनी फक्त एवढंच म्हटलं, "तांबं विष असतं यांना. तुला माहीत होतं मला नको ते." मग केबिनमध्ये जाऊन काच सरकवून घेतली.

त्यांना वाटलं, बायकोने इतक्या वर्षांचा राग काढला. बापाचं घंगाळ माळ्यावर टाकलं म्हणून तिने नेमक्या वेळी ते खाली काढलं. असं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी काकूंशी बोलणं सोडलं. घरात सूचना तेवढ्या व्हायच्या. "जेवण नको आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी." पूर्वी याच आवाजाला काकू उलट उत्तर द्यायच्या. आता आतून भांड्यांचा आवाजसुद्धा येत नसे. मला वाटायचं, उद्या सांगू. दहावी होऊ दे, मग सांगू. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही आणि सकाळी एवढंच म्हणाली, की काकूंसमोर जायची तिला लाज वाटते.

माघी गणपतीला काकू बहिणीकडे पेणला गेल्या आणि परत आल्या नाहीत. दहावी झाली, आम्ही घर बदललं. मी काकांना टाळायला लागलो. पण रोहा केवढं? एकदा स्टँडवर ते दिसले, पेणच्या गाडीच्या फलाटासमोर बाकावर बसलेले. मला वाटलं निघाले. गाडी लागली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. काका तिथेच. पुढच्या आठवड्यातही तेच. चहावाला म्हणाला, कंट्रोलर इथे येऊन बसतात, कुठे जात नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर न जाता मागच्या मागे पळालो. रविवारी पेणला गेलो.

काकूंच्या बहिणीच्या घरी गणपतींचा कारखाना आहे. ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत पांढऱ्या मूर्ती, रंग न दिलेल्या. काकू त्यांच्यामधून वाट काढत आल्या, गुडघ्यावर हात ठेवून बसल्या आणि मुलगी काय करते ते विचारलं. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं बोललो. त्या थांबवत नव्हत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तेवा तुला घराबाहेर काडला असता यांनी. पोरीचं वर्स होतं. म्हनून मी व्हय म्हटलं. मला वाटलं, चार दिवसांनी तू सांगशील."

मी त्यांची माफी मागायला लागलो.

"माजी कशाला माफी मागतोस? मला तर म्हायतीच हाय सगलं. ज्याला नाय म्हायत त्याला जाऊन सांग."

परतीच्या गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. नागोठण्यापर्यंत ती चांगली जुळली होती. रोह्याला उतरलो तेव्हा एकही आठवत नव्हतं. तसाच त्यांच्या घरी गेलो आणि जिना चढलो. केबिनमध्ये फॅन फिरत होता. तारांवर मोजकी झाडं होती, बाकी तारा रिकाम्या. काका आत स्टुलावर बसून एका लहानशा झाडाला उलटं धरून झटकत होते. मी काचेबाहेरून बोलायला सुरुवात केली. फॅनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हातानेच मोठ्याने म्हणून खूण केली. मी ओरडून सांगितलं. घंगाळ मी काढलं, काकू नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही, मी तुम्हाला खोटं सांगितलं. शेजारच्या घराची खिडकी उघडली. मी तरी पूर्ण केलं.

काकांनी झाड खाली ठेवलं. फॅन बंद केला. काच सरकवून बाहेर आले आणि माझ्याकडे बघत राहिले. डोळे आता त्यांचे स्वच्छ होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि हात लांब करून तो माझ्या तोंडासमोर धरला. पलीकडे बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे कुणीतरी मूर्ती घासत असल्याचा खरखर आवाज येत होता.

"कोन?" काकूंनी विचारलं.

"मी बोलतोय काकू," मी म्हणालो. "काकांसमोर उभा राहून बोलतोय. घंगाळ मी काढलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात. तुमचं काही चुकलं नव्हतं, सगळं माझं चुकलं. मला माफ करा."